ताऱ्यांची काजळी : स्वागताध्यक्षीय भाषण

तापीकाठच्या सुरत या हिऱ्या-कापडाच्या गावात म्हाताऱ्या ताऱ्यांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर इथल्याच कारखान्यांत आहे. हिरा वाढवणाऱ्या यंत्रात मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हने तो वायू फोडतात, आणि आठशे-हजार अंश सेल्सिअसला तापलेल्या बीजावर कार्बनचा थरावर थर चढतो. कार्बनने समृद्ध अशा राक्षसी ताऱ्याच्या वातावरणातही साधारण याच तापमानाला वायूतला कार्बन घन होतो. तिथे होते ती बहुतांशी काजळी, हिरा नव्हे. पण माझे म्हणणे असे की ही काजळी म्हणजे विझत्या ताऱ्याचा केरकचरा नाही; ताऱ्याचे वस्तुमान अवकाशात उधळले जाते ते तिच्याच जोरावर.

सूर्यासारखा तारा उतारवयात फुगतो, तांबडा होतो, आणि त्याचा सैल झालेला बाह्य भाग धडधडू लागतो. मीरा ताऱ्याचा असा एक ठोका सुमारे 332 दिवसांचा आहे. प्रत्येक ठोक्यासरशी वायू वर उचलला जातो, मात्र तेवढ्याने तो सुटत नाही. बराचसा परत खाली येतो. वर गेलेला वायू निवला की त्यात धूळ धरते. ताऱ्याचा प्रकाश या कणांना बाहेर रेटतो आणि कण आजूबाजूच्या वायूला सोबत ओढून नेतात. सिंह राशीतला सी. डब्ल्यू. लिओनिस हा तारा अशा रीतीने दरवर्षी काही पृथ्व्यांइतके द्रव्य गमावतो आहे. त्याच्याभोवती धूळ इतकी दाट आहे की साध्या प्रकाशात तो अगदी मंद, तर अवरक्त किरणांत अतितेजस्वी दिसतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. ज्या ताऱ्यांत कार्बनपेक्षा ऑक्सिजन जास्त, तिथे काजळी नव्हे, सिलिकेटची धूळ होते. तिच्यात लोह असेल तर ती ताऱ्याजवळ तापून विरते. नसेल तर जवळजवळ पारदर्शक राहते. मग प्रकाश ढकलणार कशाला? उत्तर कणाच्या आकारात सापडले. कण मायक्रोमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा झाला की तो प्रकाश शोषत नाही, विखुरतो, आणि त्या विखुरण्याचाच त्याला रेटा बसतो. गणिताने आधी सुचवलेले असे कण 2012 साली तीन ताऱ्यांभोवती प्रत्यक्ष दिसले. दुसरा आक्षेप असा की धूळ अतिनवताऱ्यांतही होते. होते, आणि 1987 सालच्या अतिनवताऱ्यात ती भरपूर सापडली. पण आपल्या सूर्यमालेत आलेल्या धुळीचा पुरावा हातात धरता येतो. 1969 साली ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावी पडलेल्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण मिळाले. हेच संयुग सुरतच्या बाजारात मॉइसनाइट म्हणून विकले जाते! त्या कणांतल्या बेरियमच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरच्या बेरियमशी जुळत नाही. राक्षसी ताऱ्यांच्या अंतरंगात जे बनते, त्याच्याशी जुळते. नव्वद टक्क्यांहून अधिक कणांचे कूळ हेच. सूर्य जन्मला त्याआधीचे हे कण आहेत.

या शोधात आपला शेजारही मागे नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावरील 1.2 मीटरच्या अवरक्त दुर्बिणीतून, चंद्राआड जाणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश क्षणोक्षणी मोजून, अशा तांबड्या ताऱ्यांचे आकार काढले आहेत. तारा विझायला लागणाऱ्या त्या सेकंदाच्या अंशात त्याचा व्यास लपलेला असतो.

आता वक्त्यांना एक विनंती. उधना-लिंबायतच्या मागांवरून आणि हिऱ्याच्या घंटीवरून उठून काही मराठी मुले आज या सभागृहात आली आहेत. हिऱ्यातला दोष भिंगाखाली हेरणारी ही नजर आहे. आपले निबंध त्यांना कळतील अशा मराठीत मांडा, आणि प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.