भिंतीवरील चित्रें आणि प्रोजेक्टरची निवड



गणेशोत्सवांत इमारतीच्या भिंतीवर किंवा मखराच्या कमानीवर हलत्या चित्रांचा खेळ दाखवावा, अशी हौस अलीकडे पुष्कळ मंडळांना वाटूं लागली आहे. ह्या कलेस व्हिडिओ मॅपिंग म्हणतात. चित्रपटाचा पडदा सपाट व कोरा असतो. येथें मात्र खिडक्या, छज्जे, खांब व कमानी हाच पडदा, आणि चित्र त्यांच्या मापाला बेतलेलें. बोरीवलीसारख्या उपनगरांत हा खर्च शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वर्गणींतून व्हावयाचा असतो. म्हणून प्रोजेक्टर कोणता घ्यावा हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं.

ही कला नवी दिसली तरी तिचें कूळ जुनें आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नांवानें काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. पुढें १९६९ सालीं कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँडमध्यें निश्चल पुतळ्यांच्या चेहऱ्यांवर गाणाऱ्या माणसांची फिल्म पाडून ते पुतळेच गात असल्याचा भास निर्माण केला गेला. ह्या सर्व खेळांना एक गोष्ट समान होती: दिव्याइतकीच काळजी अंधाराची घेणें त्यांना भाग होतें. आज आपल्याकडे नेमका ह्याच गोष्टीचा विसर पडतो.

हें थोड्या हिशोबानें पाहूं. भिंत ८ मीटर रुंद व ५ मीटर उंच, म्हणजे ४० चौरस मीटरांची आहे असें धरा. प्रोजेक्टरचा प्रकाश लुमेनमध्यें मोजतात, आणि दर चौरस मीटरला एक लुमेन पडला म्हणजे एक लक्स. ४००० लुमेनचें यंत्र ह्या भिंतीवर १०० लक्स प्रकाश पाडील. आतां आजूबाजूच्या दिव्यांचे १० लक्स त्या भिंतीवर आधींच पडत असतील, तर चित्रांतील काळा भाग १० लक्सचा व पांढरा ११० लक्सचा. म्हणजे पांढरा काळ्याच्या ११ पट उजळ. दुप्पट सामर्थ्याचें, ८००० लुमेनचें यंत्र आणलें तर हें प्रमाण २१ पट होतें. परंतु पहिलेंच यंत्र ठेवून आजूबाजूचा प्रकाश २ लक्सवर आणला, तर तें ५१ पट होतें! रस्त्यावरचे दिवे आपल्या हातचे नसतात, हें खरें. पण मंडपाची स्वतःची रोषणाई, दिव्यांच्या माळा व झोतदिवे खेळाच्या वेळीं मालवणें तर आपल्याच हातीं आहे. त्यास एक पैसाही पडत नाहीं.

दुसरी गोष्ट भिंतीच्या रंगाची. पांढरी सफेती बहुतेक प्रकाश परत पाठविते, काळा दगड तो गिळून टाकतो. बोरीवलींतील मंडपेश्वराच्या लेण्यांचा काळसर कातळ ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना हें निराळें सांगावयास नको. अशा पृष्ठावर पांढऱ्या भिंतीच्या कित्येक पट प्रकाश लागेल. शिवाय तें संरक्षित स्मारक असल्यानें परवानगीवांचून तेथें कांहीं करतां येणार नाहीं. आपल्या सोसायटीची फिकट रंगाची भिंत निवडणें हेंच शहाणपणाचें.

तिसरी गोष्ट अंतराची. यंत्रापासून भिंतीपर्यंतचें अंतर भागिले चित्राची रुंदी, हें लेन्सचें मुख्य प्रमाण. साधारण वर्गांत वापरावयाच्या यंत्राचें तें दीडच्या आसपास असतें. म्हणजे ८ मीटरच्या चित्रासाठीं १२ मीटर मागें जावें लागेल. आपल्या गल्लींत ६ मीटरच जागा मिळत असेल, तर ०.७५ प्रमाणाची लेन्स हवी. परंतु भिंतीच्या अगदीं लगत ठेवावयाचें यंत्र तिरप्या कोनानें प्रकाश टाकतें, आणि मग प्रत्येक छज्जाची लांबच लांब सावली चित्रावर पडते. सपाट पडद्यास चालणारें यंत्र कंगोऱ्यांच्या भिंतीस चालेलच असें नाहीं, तें ह्यामुळें.

चौथी गोष्ट बारकाव्याची. १९२० बाय १२०० पिक्सेलचें चित्र ह्या भिंतीवर पसरलें म्हणजे एक पिक्सेल सुमारें ४ मिलिमीटरचा होतो. १५ मीटरांवरून निकोप डोळ्यालाही ह्याहून फारसें बारीक दिसत नाहीं. म्हणून लोक दूर उभे राहणार असतील, तर ‘फोर-के’साठीं अधिक पैसे मोजण्याचें कारण उरत नाहीं. तोच पैसा लेन्स हलवितां येण्याच्या सोयीवर खर्चावा. वांकडें चित्र विजेच्या युक्तीनें सरळ केलें तर कांहीं पिक्सेल वायां जातात. लेन्स सरकवून तें जागेवर आणल्यास जात नाहींत.

विक्रेत्यांच्या पत्रकांविषयीं सावध राहावें. लुमेनचा आंकडा आयएसओ २१११८ ह्या मानकाप्रमाणें मोजलेला आहे काय, हें विचारावें. काळ्या-पांढऱ्याच्या प्रमाणाचे लक्षावधींचे आंकडे बहुधा सगळें चित्र काळें असतांना दिवा मंद करून मिळविलेले असतात. कमानीवर चित्र पाडतांना तिच्या भोंवतीं अंधुक राखाडी चौकोन दिसतो कीं नाहीं, ही खरी परीक्षा. आणि ती रात्रीं, आपल्याच भिंतीवर घ्यावी.

आणखी एक इशारा. यंत्र मंडपाच्या बांबूंना कधींही बांधूं नये. ढोलताशांच्या दणक्यानें बांबू हलले कीं चित्र खिडकीच्या चौकटीवरून सरकतें आणि सारा भास मोडतो. त्यास स्वतंत्र, भक्कम बैठक द्यावी. भाद्रपदांतील पावसापासून वांचविण्यासाठीं वर छप्पर असावें, पण यंत्राची गरम हवा कोंडूं नये.

शेवटीं, विकत घ्यावें कीं भाड्यानें आणावें? लेसर दिव्याचें २०,००० तासांचें आयुष्य पत्रकांत मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. पण रोज ४ तासांप्रमाणें ११ रात्रीं खेळ केला तर ४४ तास होतात. उरलेलें वर्षभर यंत्र कपाटांत दमट हवेंत पडावयाचें असेल, तर त्या आयुष्याचा मंडळाला उपयोग काय? वर्षांतून एकदांच लागणारें यंत्र भाड्यानें आणणेंच इष्ट.

म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं भिंतीचें माप घ्यावें, गल्लीची रुंदी मोजावी, रात्रीं कोणते दिवे मालवतां येतील तें पाहावें, आणि मगच यंत्राची चौकशी करावी. लोकांच्या वर्गणीचा हिशोब देतांना कार्यकर्त्यांची मान ताठ राहील ती ह्याच क्रमानें चालल्यास.