राखणीची कुत्री : माजाचे दिवस आणि बीज पिकण्याचा हिशोब



आजचा विषय जरा वेगळा आहे. गाई-म्हशींच्या माजाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण मळ्याची, गोठ्याची, मेंढरांच्या कळपाची राखण करणाऱ्या कुत्रीच्या माजाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. बोलायला संकोच वाटतो. मग नको असताना पिल्लं होतात, ती वेशीबाहेर नाहीतर बाजारात सोडली जातात, त्यांतली जगतील ती मोकाट होतात, त्यांना लस कोणी टोचत नाही आणि रेबीजची भीती माणसांच्या आणि जनावरांच्या दाराशी येते. म्हणून हा हिशोब आपल्याला यायला हवा.

पहिल्यांदा आपल्या ओळखीची गोष्ट घेऊ. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. माज बारा ते अठरा तास टिकतो. माज संपल्यावर दहा-बारा तासांनी अंडाशयातून बीज सुटतं आणि सुटतं ते तयार होऊनच. हे तयार बीज काही तासच टिकतं. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करा, असं आपण सांगतो.

कुत्रीचं गणित याहून निराळं. ती साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. काहींत हे अंतर पाच महिन्यांचं, काहींत वर्षाचंही असतं. सुरुवातीला अंग सुजतं, लाल स्राव सुरू होतो, गावातले नर दाराशी जमतात, पण कुत्री त्यांना जवळ येऊ देत नाही. हे सरासरी नऊ दिवस चालतं. मग स्राव फिका, गवती रंगाचा होतो आणि कुत्री शेपूट बाजूला करून नराला उभी राहते. हेही सरासरी नऊ दिवस. काहींत हे दिवस बरेच कमी-जास्त होतात.

आता खरी गंमत पुढे आहे. कुत्रीच्या अंडाशयातून बीज सुटतं ते कच्चं. त्याच वेळी नराचं बीज जवळ असलं, तरी फळायची त्याची तयारी नसते. बीजवाहिनीत दोन-तीन दिवस राहून ते पिकतं आणि पिकल्यावर आणखी दोन-तीन दिवस फळण्याजोगं राहतं. आंब्याचा दाखला घ्या. गाईचं बीज म्हणजे झाडावरच पिकलेला आंबा. कुत्रीचं बीज म्हणजे कच्चा उतरवून अढीत घातलेला आंबा.

हे बीज पिकतं कसं? शरीर लहान-लहान पेशींचं बनलेलं असतं आणि या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. बीजाभोवती सांभाळ करणाऱ्या पेशींचे थर असतात. त्यांच्यापासून बीजापर्यंत बारीक वाटा असतात. या वाटांनी काही द्रव्यं ये-जा करतात. त्यांपैकी सायक्लिक ए.एम.पी. नावाचं द्रव्य बीजात भरपूर असेपर्यंत बीज झोपलेलं राहतं. माजाच्या योग्य वेळी मेंदूखालच्या ग्रंथीतून एल.एच. नावाचं संप्रेरक रक्तात उसळतं. हा निरोप बीजाला थेट मिळत नाही. तो आधी भोवतालच्या पेशींना मिळतो आणि त्या तो आत पोचवतात. मग त्या वाटा मिटत जातात, झोपवणारं द्रव्य कमी होतं आणि बीज जागं होऊन पक्व होऊ लागतं. गाईत हे काम बीज सुटायच्या आत उरकतं. कुत्रीत एल.एच. उसळल्यावर साधारण दोन दिवसांनी बीज सुटतं आणि पिकण्याचं काम त्यानंतर होतं.

हे निरोप इतके नाजूक आहेत की प्रयोगशाळेत त्यांची नक्कल करणं शास्त्रज्ञांना फार जड गेलं. माणसाचं पहिलं परीक्षानळी बाळ १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलं. कुत्र्याची अशी पहिली पिल्लं व्हायला २०१५ साल उजाडलं. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एका कुत्रीच्या पोटी १९ गर्भ ठेवले, त्यातून सात पिल्लं झाली. तिथल्या शास्त्रज्ञांच्या यशाचं एक कारण असं की, बीज बीजवाहिनीत एक दिवस जास्त राहू देऊन मगच बाहेर काढलं. म्हणजे आंबा अढीत आणखी एक दिवस ठेवला!

आता या माहितीचा आपल्या दारी उपयोग काय ते ऐका.

पुष्कळ घरी लाल स्राव दिसला की कुत्री बांधतात आणि स्राव फिका पडला की 'माज गेला' म्हणून सोडतात. मंडळी, नेमकी इथंच फसगत होते. स्राव फिका होतो तेव्हाच फळण्याचे दिवस जवळ आलेले असतात. म्हणून पहिला लाल डाग दिसला, त्या दिवसाची कॅलेंडरवर खूण करा आणि तिथून पूर्ण तीन आठवडे कुत्री बंदिस्त ठेवा. त्यानंतरही ती नराला उभी राहत असेल, तर राहायची थांबेपर्यंत सोडू नका. नुसती साखळी पुरत नाही, नर तिथवर येतो. दार लागणारी खोली हवी.

'एकदाच नर लागला, तोही सुरुवातीला, काही होत नाही,' असंही समजू नका. नराचं बीज कुत्रीच्या अंगात आठवडाभर जिवंत राहू शकतं. ते वाट बघत थांबतं आणि बीज पिकलं की फळतं. एकाच वेतातली पिल्लं दोन वेगळ्या नरांचीही असू शकतात. तुमच्याकडे चांगल्या कारवानी जातीची कुत्री असेल आणि जात राखायची असेल, तर हे पक्कं ध्यानात ठेवा.

विण्याची तारीखही यामुळेच चुकते. बीज सुटल्यापासून ६३ दिवस हा हिशोब पक्का. पण नर लागल्यापासून मोजलं तर ५७ ते ७२ दिवसांत केव्हाही कुत्री विते. म्हणून नर लागल्याची पहिली आणि शेवटची, दोन्ही तारखा लिहून ठेवा. पहिल्या तारखेपासून ७२ दिवस उलटले, किंवा जोराच्या कळा देऊनही अर्ध्या-पाऊण तासात पिल्लू आलं नाही, किंवा पिल्लाआधीच हिरवट स्राव आला, तर घरगुती खटपट न करता डॉक्टरांना गाठा.

आणखी एक धोका. माजानंतर कुत्री गाभण असो वा नसो, गर्भ राखणारं संप्रेरक तिच्या अंगात दोनेक महिने जास्त राहतं. त्या काळात गर्भाशयात पू होण्याचा संभव असतो. माजानंतर महिना-दोन महिन्यांत कुत्री सारखं पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, पोट फुगलं, घाण वासाचा स्राव आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर कुत्री दगावते. माज लांबवायची किंवा गर्भ पाडायची इंजेक्शनं कोणाच्या सांगण्यावरून टोचून घेऊ नका. त्यातल्या काहींनी हाच रोग ओढवतो.

पिल्लं नकोच असतील, तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. त्यात अंडाशय आणि गर्भाशय काढतात. मग माज नाही, पिल्लं नाहीत आणि गर्भाशयात पू होण्याची भीतीही नाही. कुत्री राखण सोडत नाही, ही शंका मनात ठेवू नका. मात्र ऐन माजात शस्त्रक्रिया टाळतात, तेव्हा आधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून दिवस ठरवा.

थोडक्यात ध्यानात ठेवा :

१) पहिल्या लाल डागाची तारीख लिहा, तीन आठवडे कुत्री कोंडून ठेवा.
२) स्राव फिका झाला म्हणजे माज संपला नाही.
३) नर लागल्याच्या दोन्ही तारखा लिहा.
४) पिल्लं सांभाळायची असतील तरच होऊ द्या. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचा आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वेळी टोचत राहा.
५) कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

रात्रभर जागून आपलं पीक आणि गोठा राखणाऱ्या जनावरासाठी कॅलेंडरवर एवढी एक खूण करणं काही अवघड नाही.