कारखान्याचे चित्र, आपले चित्र



पौड रस्त्याने येताना घोटावडे फाट्यावरून आत वळले की या खोऱ्याची दोन रूपे एकाच वेळी दिसू लागतात. एकीकडे भाताची खाचरे, दुसरीकडे पत्र्याच्या उंच शेड. पिरंगुट, भरे, उरवडे या पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि डोंगरापलीकडे हिंजवडीत संगणकाचे जग वसले. उद्योगाशी मुळशीचा परिचय मात्र त्याहून जुना, आणि काहीसा कडवट आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो याच खोऱ्यात. जमिनी विकल्यावर शेतकऱ्याच्या घरात काय घडते, ते २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ने पडद्यावर मांडले.

याच कारखान्यांना आज चित्रफिती हव्या असतात. नव्या कामगाराला यंत्राचे धोके समजावणारी, परदेशी ग्राहकाला उत्पादनाची रीत दाखवणारी, वार्षिक सभेत अध्यक्षांच्या भाषणाआधी लावायची. गावातला, हातात कॅमेरा आलेला तरुण ही कामे करू लागला आहे. त्याच्या मनात मात्र दुसरेच चित्र असते : आजीच्या ओव्यांचे, गावच्या जत्रेचे, धरणाने उठवलेल्या वाडीचे. अशा तरुणाला दोन बाजूंनी टोचले जाते. कलावंत मित्र म्हणतात, ‘तू विकला गेलास.’ घरचे म्हणतात, ‘यात चार पैसे मिळताहेत, मग ते दुसरे खूळ कशाला?’

या दोन्ही टोचण्यांना आपल्याच चित्रपटाच्या इतिहासात उत्तर आहे. दादासाहेब फाळके यांना आपण ‘राजा हरिश्चंद्र’चे जनक म्हणून ओळखतो. पण त्याआधीचे फाळके छायाचित्रे काढणारे, ठसे तयार करणारे, रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाची कामे करणारे कारागीर होते. ती सारी पैशासाठी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेली कामे. प्रकाश, रसायन आणि काच यांची जाण त्यांना तिथेच आली. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले आणि लगेच पुराणकथेला हात न घालता त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडेथोडे चित्रण करून रोप वाढताना दाखवणारी ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटभराची फीत म्हणजे भांडवलदाराला पटवण्यासाठी केलेला नमुनाच होता. त्यावर कर्ज मिळाले, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. (दागिन्यांची गोष्ट सगळे सांगतात. त्याच सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधण्यापर्यंत राबत होत्या, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहते.)

फाळके यांच्या चित्रपटांच्या यादीत पौराणिक चित्रांच्या जोडीला एक छोटा माहितीपट आहे : तळेगावच्या काच कारखान्याचा. तळेगाव म्हणजे आपला शेजारचा मावळ. माणशी एक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाचा तो कारखाना, १९०८ साली सुरू झालेला. स्वदेशीच्या त्या भट्टीवर कॅमेरा रोखताना दादासाहेबांना कमीपणा वाटला असेल, असे मानायला काही कारण नाही. कारखान्याचे चित्र खऱ्या आस्थेने काढता येते. ते मुळातच हलके काम नव्हे.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचेही तसेच. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्या व्यवसायात असतानाच त्यांना चलच्चित्राचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याने काम सुरू केले आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. ज्याने पडद्यावर महाल रंगवले, त्याच्या चित्रपटातला महाल डोळ्यांना खोटा वाटला नाही.

अलीकडच्या काळातले मोठे उदाहरण श्याम बेनेगल यांचे. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘भूमिका’ यांची आठवण निघाली. त्यांच्या नावावर जाहिरातपट आणि माहितीपट मिळून नऊशेहून अधिक चित्रे होती, ही बाब मागे पडली. ‘अंकुर’ची कथा त्यांच्यापाशी दहा वर्षांहून अधिक काळ पडून होती. अखेर तिला पैसा दिला तो जाहिरातपटांच्या वितरणातल्या ब्लेझ कंपनीने. पुढे दुग्धविकासावर माहितीपट करताना त्यांना गावोगावचे दूध उत्पादक भेटले. त्यातून ‘मंथन’ सुचला आणि गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो १९७६ मध्ये उभा केला. तळेगावच्या पैसाफंडाची इथे आठवण येते. सांगून करवून घेतलेल्या कामाच्या पोटी स्वतःचे काम जन्माला आले, ते डोळे उघडे ठेवल्यामुळे.

मात्र नाण्याची दुसरी बाजू आहे, आणि ती अधिक सांगण्यासारखी आहे. पहिले काम मिळते, दुसरे मिळते, मग मोठा कॅमेरा हप्त्यावर येतो, त्यापाठोपाठ ड्रोन. आता हप्ता फेडण्यासाठी काम आणि कामासाठी नवे यंत्र. स्वतःच्या चित्रासाठी घेतलेला कॅमेरा स्वतःच्या चित्रासाठी एकही दिवस मोकळा राहत नाही. असे अनेकांचे झाले आहे. त्यात कोणाची लबाडी नसते. फक्त वर्षे निघून जातात. म्हणून या तरुणाने कंपनीच्या कामातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा आणि भाड्याने मिळणारे यंत्र विकत घेऊ नये. हे सल्ले रूक्ष वाटतील. पण चित्रपट बुडतात ते बहुधा अशाच रूक्ष ठिकाणी.

कागदाच्या बाबतीतही भिडस्तपणा नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन ज्याच्या सांगण्यावरून चित्रपट तयार होतो तोच, वेगळा करार नसेल तर, त्याचा पहिला मालक ठरतो. कारखान्याच्या कामासाठी टिपलेला खोऱ्यावरचा पाऊस पुढे आपल्या चित्रात हवा असेल, तर तसे आधीच लिहून घ्यायला हवे. पैशाचेही तेच. लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर २००६ च्या कायद्याने ग्राहकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. उशिरावर चक्रवाढ व्याज लागते. गावचा मुलगा म्हणून सहा-सहा महिने थांबवून ठेवणाऱ्याला हे नम्रपणे दाखवता येते. आधी निम्मी रक्कम हाती आल्याशिवाय चित्रीकरण सुरू करू नये, हा रिवाजही पाळावा.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुलगा कारखान्याचे काम करतो तेव्हा तो मार्गाला लागला, आणि आजीसमोर कॅमेरा लावून बसतो तेव्हा वेळ दवडतो, असे समजू नये. मावळ-मुळशीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ही केवढी ठेव आहे, हे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या संकलनाने दाखवून दिले. महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली. ज्यांना त्या ओव्या मुखोद्गत आहेत, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

आषाढात या खोऱ्यात भाताची लावणी होते. कंपन्यांची कामे मार्चअखेरीच्या गर्दीतून सुटून तोवर थोडी सैल झालेली असतात. लावणीचे ते पंधरा दिवस या वर्षी कुठल्याही कारखान्याला देऊ नयेत. तसे वहीत आजच लिहून ठेवावे, आणि ज्या आजींचा आवाज टिपायचा आहे त्यांच्या घरी उद्या सकाळी एकदा नुसतेच, कॅमेरा न घेता, जाऊन यावे.