घर लागलं, कर्ज मिळेना



मुंबईत कुणी "आम्हाला घर लागलं" म्हणालं की कुठे लागलं हे विचारावं लागत नाही. म्हाडाच्या सोडतीत लागलं. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई मंडळाने 2,030 घरांची सोडत काढली, तेव्हा अर्ज आले होते एक लाख तेरा हजारांवर. एका घरामागे पन्नासहून जास्त अर्जदार. यात ज्याचं नाव निघतं त्याच्या घरी दिवाळीच असते. पण माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. सोडतीचे पेढे घेऊन आलेली माणसं महिन्या-दोन महिन्यांत पडलेल्या चेहऱ्याने परत जाताना मी पाहिली आहेत. आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

एक ताई आठवतात. पोळी-भाजी केंद्र चालवायच्या, यजमान सुरक्षारक्षक. अत्यल्प उत्पन्न गटात घर लागलं होतं. हातात देकार पत्र, पिशवीत कागद. मी पगाराची पावती मागितली, ती यजमानांची होती. ताईंच्या कमाईचा पुरावा विचारला, तर त्यांनी हिशेबाची वही पुढे केली. रोज किती पोळ्या लाटल्या, किती डबे गेले, कुणाकडे किती बाकी, सगळं सुवाच्य अक्षरात. त्या वहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. बँकेच्या नियमांना मात्र आयकर विवरणपत्र हवं होतं, आणि ते त्यांनी कधी भरलंच नव्हतं. अर्ज नामंजूर झाला. ती वही मी अजून विसरलेलो नाही.

आता जरा आकडेमोड करू. गोरेगावच्या पहाडी भागात म्हाडाने 2023 च्या सोडतीत अत्यल्प गटासाठी जी घरं ठेवली, त्यांची किंमत 30 लाखांच्या आसपास होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर 90 टक्के देऊ शकते. म्हणजे 27 लाख कर्ज आणि 3 लाख पदरचे. मुद्रांक शुल्क, नोंदणी यांचा खर्च वेगळा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी 27 लाख घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण 23,400 रुपये बसतो. आणि प्रधानमंत्री आवास योजनेत अत्यल्प गटाची मूळ उत्पन्न मर्यादा किती होती? वर्षाला 3 लाख. महिन्याला 25,000. त्यातून हप्ता गेल्यावर त्या कुटुंबाने 1,600 रुपयांत महिना काढायचा! ही मर्यादा पुढे मुंबई महानगर प्रदेशासाठी 6 लाखांवर नेली, ते योग्यच झालं. तरीही निम्मा पगार हप्त्यात जातो. घर घ्यायला जो पात्र, तो कर्जाला अपात्र. या शहराच्या परवडणाऱ्या घरांची सगळी अडचण इथे आहे.

गिरणी कामगारांचं असंच झालं. जून 2012 मध्ये त्यांच्या 6,925 घरांची पहिली सोडत निघाली. किंमत साडेसात लाख, मुंबईच्या मानाने फारच कमी. पण 1982 च्या संपात जो तीस वर्षांचा होता, तो तेव्हा साठीला आला होता. साठीच्या माणसाला वीस वर्षांचं कर्ज कोण देणार? मग मुलाला सहकर्जदार करा, मुलाची नोकरी पक्की नसेल तर जावयाला विचारा, तेही जमलं नाही तर गावची जमीन काढा.

सरकार मदत करत नाही असं मी म्हणणार नाही. 2015 च्या आवास योजनेत 6 लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज अनुदान होतं. 2024 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या 8 लाखांवर चार टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. पण मुंबईत 35 लाखांत खासगी बिल्डरचं घर शोधून दाखवा. शिवाय हे पैसे कर्ज सुरू झाल्यावर कर्जखात्यात जमा होतात. सुरुवातीचे तीन लाख उभे करताना त्यांचा काहीच आधार नाही. ते तीन लाख येतात मंगळसूत्र गहाण ठेवून किंवा पतपेढीकडून चढ्या व्याजाने. म्हणजे गृहकर्जाच्या डोक्यावर आणखी एक कर्ज.

पूर्वी याला एक उत्तर होतं. म्हाडाच्या आधीच्या जुन्या गृहनिर्माण मंडळाच्या काळात भाडे-खरेदीने घरं मिळत. आधी घराचा ताबा, मग दरमहा हप्ता, तोही थेट मंडळाकडे. शेवटचा हप्ता फिटला की घर नावावर. मध्ये बँक नाही, विवरणपत्र नाही. सिंगापूरमध्ये तर घर बांधणारं सरकारी मंडळ आजही स्वतः कर्ज देतं, आणि 1968 पासून लोकांना भविष्यनिर्वाह निधीतून घराचे पैसे भरता येतात. आपल्याकडे 1977 साली म्हाडा स्थापन झाली आणि त्याच वर्षी याच मुंबईत एचडीएफसी ही गृहकर्जाची कंपनीही निघाली. घर देणारा एक, कर्ज देणारा दुसरा, अशी वाटणी पुढे पक्की होत गेली. पगारदाराचं त्यात भलं झालं. वहीत हिशेब लिहिणाऱ्या ताईंचं झालं नाही.

श्रोतेहो, सोडतीचा अर्ज भरणार असाल तर आधी बँकेत जा. आपल्याला किती कर्ज मिळेल ते लेखी घ्या. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र दरवर्षी भरा. घर बाईच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर तिच्या हक्काचं होतं हे त्याहून मोठं. भविष्यनिर्वाह निधी असेल तर सावकाराआधी त्याची चौकशी करा.

आणि म्हाडाला माझी कळकळीची विनंती आहे. अत्यल्प गटासाठी भाडे-खरेदी पुन्हा सुरू करा, आणि पुढच्या सोडतीच्या अर्जात तिचा रकाना छापा.