कार्यसंघाची घडण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळांची उमेदीची वर्षे कारखान्यांत, बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत गेली आहेत. एकेकटा मनुष्य हुशार. परंतु दहाजण एकत्र आले की काम अडते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. असे का व्हावे? ह्याचे उत्तर शोधताना आम्ही पुस्तकी सिद्धान्त मांडणार नाही. ज्या गुजरातेने आपणांस आसरा दिला, तेथीलच आणंदचा दाखला देऊ.

खेडा जिल्ह्यातील दूधउत्पादकांचा सहकारी संघ १९४६ मध्ये स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे गांधीमार्गी पुढारी. खेड्यापाड्यांत त्यांच्या शब्दाला वजन होते. १९४९ मध्ये केरळचे अभियंते व्हर्गीस कुरियन आणंदला आले, तेही सरकारी कराराने बांधलेले म्हणून, नाखुशीने. पुढे संघाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि त्यांनी आपले स्नेही, दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांना तेथे ठेवून घेतले.

म्हशीच्या दुधाची भुकटी होणे अशक्य, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. दलायांनी ती करून दाखविली, आणि १९५५ मध्ये आणंदला तिचा कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांचा विश्वास त्रिभुवनदासांनी राखला, व्यवस्थापन कुरियनांनी पाहिले, यंत्रे दलायांनी सांभाळली. तिघांचे प्रांत निराळे, स्वभाव निराळे. परंतु कोणी दुसऱ्याच्या क्षेत्रात लुडबूड केली नाही. शिवाय दूध घालणाऱ्याला स्निग्धांशाप्रमाणे रोख मोल मिळे. त्यामुळे शेवटच्या माणसालाही संघ आपला वाटला.

आता एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९६३ च्या मॅगसेसे पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्रिभुवनदास व कुरियन होते, दलाया नव्हते. अशा प्रसंगी किती कचेऱ्यांत मने दुरावतात, हे आम्ही सांगावयास नको. कुरियनांनी मात्र आपल्या आत्मकथनात दलायांचे ऋण मोकळेपणाने नोंदविले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, सहकाऱ्याच्या गुणाची पारख, त्या गुणाला मोकळे रान आणि यशात त्याचा उघड वाटा, ह्या तीन गोष्टींवाचून कार्यसंघ उभा राहत नाही. वरिष्ठाने श्रेय स्वतःकडे ओढले की हाताखालचा माणूस हुकमापुरतेच काम करू लागतो, आणि हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. पन्नास वर्षांच्या आपल्या मंडळासही हाच न्याय लागू आहे. व्यासपीठावरील खुर्च्या मोजक्याच असतात; सतरंज्या उचलणाऱ्यांची नावे घेण्यास मात्र खर्च येत नाही.