गोळी घेतली तर जेवण थांबवू नका
(महिला मेळाव्यात केलेलं बोलणं)



माझ्या आईला शुगर आहे, किडनीचंही दुखणं आहे. एका चतुर्थीला तिने सकाळची गोळी घेतली आणि उपास धरला. दुपारी हात थरथरायला लागले, घाम फुटला, बोलणं अडखळलं. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. आशाताईंनी मशीनवर तपासलं, तर साखर ५२!

शुगर असलेल्या बाईची साखर वाढते, तशी घसरतेही. ७० च्या खाली गेली की धोका. तेव्हा "मला गोड चालत नाही" म्हणू नका. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. १५ मिनिटांनी परत तपासा. कमीच असेल तर पुन्हा घ्या. बरं वाटलं की भाकरी खा. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

असं वरचेवर होत असेल तर नुसती साखर खाऊन गप्प बसू नका. किडनी कमजोर असली की इन्सुलिन आणि काही गोळ्यांचा असर अंगात जास्त वेळ राहतो. आईचा डोस डॉक्टरांनीच कमी केला. आपल्या मनाने गोळी सोडू नका. कधी झालं, आधी काय खाल्लं होतं, ते वहीत लिहा आणि दवाखान्यात दाखवा. बचतीचा हिशोब ठेवतोच ना आपण? हाही ठेवूया.

आणि सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची सवय, ती आजपासून सोडायची. सोडणार ना?