तसबिरीच्या पाठीवरचे नाव

श्रोतेहो, अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत कुणी नोकरीतून निवृत्त झाले की त्यांचे बिऱ्हाड हलते. अशाच एका शेजाऱ्यांचे सामान आवरायला मी गेलो होतो. ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक तळहाताएवढी तसबीर निघाली. लाल पगडी, कानात भिकबाळी, पाणीदार डोळे. रंग अजून ताजे होते. "हे कोण हो?" मी विचारले. "आजोबांचे आजोबा असावेत," शेजारी म्हणाले, "नाहीतर त्यांचे सावकार! आईला ठाऊक होतं. ती गेली." आम्ही हसलो खरे, पण मला चुटपुट लागून राहिली. माणूस डोळ्यांसमोर होता, आणि तरी हरवला होता!

जो चेहरा आज आपल्या घराघरांत आहे, त्याच्या बाबतीतही असे घडू शकले असते. मी शिवाजी महाराजांबद्दल बोलतो आहे. ज्या जुन्या लहान चित्रांच्या आधारे आपण महाराजांना ओळखतो, त्यांतली महत्त्वाची चित्रे आज परदेशात आहेत. ती तिथे कशी गेली, ही हकीगत ऐकण्याजोगी आहे.

निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा माणूस. १६५६ साली, अगदी कोवळ्या वयात तो हिंदुस्थानात आला. १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, तेव्हा तो मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत होता. तिथे महाराजांची भेट झाली, बोलणेही झाले, असे तो लिहितो. पुढे त्याने मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराकडून मोगल बादशहा, शहाजादे आणि दख्खनचे राजे यांची पन्नासहून अधिक चित्रे काढवून घेतली. त्यांत घोड्यावर स्वार झालेले महाराज आहेत. मीर मुहंमद हा औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याच्या पदरचा. तेव्हा हे चित्र म्हणजे शत्रूच्या गोटातून दिसलेले महाराज, हे विसरता कामा नये.

मनुचीने आपल्या ग्रंथाची एक प्रत पॅरिसला पाठवली होती. ती कात्रू नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या हाती पडली. त्याने तिच्या आधारे १७०५ साली स्वतःच्या नावाने मोगलांचा इतिहास छापला. मनुची संतापला. मग त्याने आपले लेखन आणि हा चित्रसंग्रह व्हेनिसच्या सेनेटकडे पाठवला. चित्रे तिथे नव्वदएक वर्षे सुखाने राहिली. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने व्हेनिस घेतले आणि लुटीबरोबर हा संग्रहही पॅरिसला गेला. नेपोलियन पडल्यावर, १८१५ साली, व्हेनिसचे प्रसिद्ध कांस्याचे घोडे परत मिळाले. हा संग्रह मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातच राहिला. ग्रंथाच्या प्रती एकीकडे, चित्रे दुसरीकडे, अशी ही ताटातूट झाली. विल्यम आयर्विन या निवृत्त मुलकी अधिकाऱ्याने प्रती धुंडाळून १९०७-०८ मध्ये चार खंडांत इंग्रजी भाषांतर काढले, तेव्हा कुठे ग्रंथाची आणि चित्रांची पुन्हा गाठ पडली.

दुसरी वाट हॉलंडची. ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सन याच्या संग्रहात गोवळकोंड्याच्या शैलीतली राजेलोकांची चित्रे होती. त्यांत महाराजांचेही एक आहे. आज ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. व्हॅलेंटाइन या डच पाद्र्याने १७२४ ते १७२६ च्या दरम्यान छापलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथात अशा चित्रांवरून केलेले ठसे घातले. आपल्याकडे मात्र बराच काळ भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून चालत होते. वा. सी. बेंद्रे यांनी जुनी कागदपत्रे चाळताना या डच परंपरेतले चित्र हेरले आणि १९३३ साली ते पुण्यात लोकांपुढे आणले.

आता एक प्रश्न मनात येतोच. आपल्या राजाची चित्रे परक्यांच्या कपाटात असावीत, याचे दुःख मानायचे की आनंद? दुःख होतेच. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. विकत घेणारा असो, लुटणारा असो, त्यांनी चित्राचे नाव पुसले नाही. हे कुणाचे चित्र, कुणी काढवले, कुठून आले, याची नोंद हातोहात पुढे गेली. ती साखळी मध्येच तुटली असती, तर तो घोडेस्वार 'दख्खनचा कुणी सरदार' म्हणूनच उरला असता. चेहरा रंगाने टिकतो. ओळख टिकते ती नोंदीने.

हे सारे मी माझ्या शेजाऱ्यांना सांगितले. सामान टेम्पोत चढत होते. त्यांनी खिशातले पेन काढले, तसबिरीच्या पाठीवर जुना कागद होता त्यावर लिहिले : "आईकडून आलेली. नाव ठाऊक नाही. अँटॉप हिल." खाली तारीख घातली आणि सही केली.

श्रोतेहो, आपल्या घरी अशी एखादी तसबीर असेल, आणि तिच्यातल्या माणसाचे नाव सांगणारे कुणी वडीलधारे अजून हयात असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्यांच्यापाशी जरा बसा. हाताशी पेन असू द्या.